धावपट्टी मागेच तर आहे!

उलव्यात आमच्या गच्चीवरून नव्या विमानतळाची विमानं चढताना दिसतात. २५ डिसेंबर २०२५ला उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून हा रोजचाच देखावा. परवा भाचीनं विचारलं, "मामा, आत्ता याचं इंजिन बंद पडलं तर? वळून परत येईल ना? धावपट्टी मागेच तर आहे."

या मोठ्या विमानांचं ठीक आहे. एक इंजिन गेलं तरी उरलेल्यावर ती चढू शकतात, तशीच त्यांची बांधणी असते. पण एकाच इंजिनाच्या छोट्या विमानात हाच विचार वैमानिकाच्या मनात आला, तर तो जिवावर बेततो. उड्डाणानंतर मिनिटाभरात झालेले कितीतरी अपघात असेच आहेत. या वळणाला वैमानिक 'अशक्य वळण'च म्हणतात.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, हा गैरसमज. सेसना १७२सारखं विमान एक मीटर उतरताना साधारण नऊ मीटर पुढे तरंगतं. म्हणजे १५० मीटर उंचीवरून सव्वा किलोमीटर तरी जाईल. सरळ गेलं तर.

लहानपणी एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढला नाही असा माणूस विरळा. (आता काढू नका, शेजारून दुचाकी येते.) अंगठ्याकडची कड जरा वर केली की हात उचलला जातो. आणखी तिरपा केला, आणखी उचल. मग एकदम उचल संपते आणि हात नुसताच थरथरत मागे ढकलला जातो. पंखाचंही तसंच. समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन १५-१६ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीला धरून वाहत नाही. याला स्टॉल म्हणतात. इंजिन चालू असो वा बंद, स्टॉल होतोच.

वळायचं तर विमान एका अंगावर कलतं. मग उचलीचा काही भाग वळवण्यात खर्ची पडतो आणि वजन पेलायला पंखाला जास्त राबावं लागतं. ६० अंश कलल्यावर विमानाचं वजन जणू दुप्पट होतं आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली गेलं की स्टॉल होतो तो वेग, ४१ टक्क्यांनी वाढतो. सेसनात तो सुमारे ५० नॉटचा ७० होतो (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). आणि इंजिनाविना तरंगण्याचा वेग? ६५ ते ६८ नॉट!

मग बेतानं, ३० अंशांत वळू. इंजिन गेलं हे ध्यानात यायलाच तीन-चार सेकंद जातात. अर्ध्या वर्तुळाला अठरा सेकंद. तेवढ्यात १५० पैकी शंभरेक मीटर उंची गेली, आणि तोंड मागे फिरलं तरी विमान धावपट्टीवर नाहीच, तिच्यापासून जवळपास ४०० मीटर बाजूला आहे. अजून वळायचं बाकी आहे. उड्डाण वाऱ्याविरुद्ध झालेलं, म्हणून आता वारा पाठीशी. जमीन झरझर सरकते, वेग भरपूर आहे असं वाटतं; पण पंखाला लागतो तो हवेतला वेग वाढलेला नसतो. वैमानिक नाक आणखी वर ओढतो, वळण आवळतो. बऱ्याचदा आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या अंगावर उलटतं. सावरायला जमीन फार जवळ असते.

म्हणून शिकवणीत पहिल्यापासून घोकून घेतात: नाक खाली, वेग राखा, समोर जे असेल तिथे उतरा. फार तर थोडं डावं-उजवं.

"समोर तर खाडी आहे," भाची म्हणाली. तिवरं, चिखल. मी कागदावर हिशेब मांडला. ताशी १२० किलोमीटरचा वेग दहा मीटर घसटत जिरला, तर अंगावर गुरुत्वाच्या जवळपास पावणेसहा पट झटका बसतो. खांद्याचा पट्टा असेल तर माणूस तो सोसतो. नाकावर आपटून तोच वेग एका मीटरमध्ये संपला तर जवळपास सत्तावन्न पट. चिखलात चाकं रुतून विमान उलटंही होईल. पण आतली माणसं पट्टे सोडून बाहेर येण्याची शक्यता बरीच आहे.