नेदरलँड्सचा सायकलवाला ‘नेहमी बरोबर’ नसतो

सायकलच्या अपघातांवर बोलणं निघालं की कुणीतरी हमखास सांगतं, “नेदरलँड्समध्ये चूक कुणाचीही असो, दोषी गाडीवालाच.” ऐकून ऐकून कान किटले. दोषी ठरणं वेगळं आणि भरपाई द्यावी लागणं वेगळं.

दोष काय असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. सिग्नल तोडला, दंड भरा. तिथल्या सायकलस्वारालाही यातून सूट नाही.

खरी गल्लत होते ती भरपाईत. समजा, रात्री बिनदिव्याची सायकल लाल सिग्नल तोडून चौकात घुसली आणि हिरव्यावर निघालेल्या मोटारीने तिला उडवलं. दंड सायकलस्वाराला. चालक नीट चालवत असेल तर त्याला शिक्षा कसली? पण १९९४ च्या रस्ते वाहतूक कायद्याचं कलम १८५ गाडीमालकाला सोडत नाही. सुटायचं तर त्याने दोन गोष्टी दाखवायच्या: चालवण्यात काडीचाही दोष नव्हता, आणि समोरचा असं काही करेल हे ध्यानात धरण्याचं कारणच नव्हतं. सिग्नल तोडणारे काय कुणी पाहिलेले नसतात? म्हणून हा बचाव क्वचितच टिकतो. तो पडला की जखमी सायकलस्वाराला निम्मी भरपाई तरी मिळतेच. तो १४ वर्षांच्या आतला असेल तर पूर्ण. अपवाद मुद्दाम केलेल्या कृतीचा, किंवा जवळजवळ मुद्दामच म्हणावा अशा बेदरकारपणाचा. हे निम्मे-पूर्णचे आकडे कलमात शोधू नका. ते तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून आलेत, लहान मुलांचा १९९० साली आणि मोठ्यांचा १९९२ साली.

यामागचा हिशेब सरळ आहे. टनभर लोखंड रस्त्यावर आणणारा धोकाही सोबत आणतो, आणि त्याचा विमा सक्तीचा असतो. पैसे विमा कंपनीच्या खिशातून जातात. मराठीत याला ‘कठोर दायित्व’ म्हणतात, आणि त्या ‘कठोर’मुळेच लोकांना शिक्षेचा वास येतो. मी ‘जोखमीची जबाबदारी’ म्हणतो.

फ्रान्सचा १९८५ चा कायदा तर वयाच्या दोन्ही टोकांना सांभाळतो: १६ च्या आतल्या आणि ७० च्या पुढच्या जखमींची स्वतःची चूक मोजलीच जात नाही, इजा मुद्दाम ओढवून घेतलेली नसेल तर.

आणि दोन सायकली एकमेकींवर आदळल्या तर? कलम १८५ लागूच होत नाही. मग ज्याला लागलं, त्यानेच समोरच्याची चूक सिद्ध करायची.