लोकेशन बॉक्स (रेल्वे सिग्नल यंत्रणा)

लोकेशन बॉक्स : रेल्वेमार्गाच्या कडेला, सिग्नल, सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारी हलती जोडणी) किंवा फाटकाजवळ सिमेंटच्या ओट्यावर उभी केलेली, कपाटासारखी कुलूपबंद पेटी. रुळांकडून येणाऱ्या आणि स्टेशनच्या रिले रूमकडे जाणाऱ्या केबल हिच्यात एकमेकींना जोडलेल्या असतात. रिले (विजेने उचलला जाणारा आणि वीज गेली की पडणारा स्विच), ट्रान्सफॉर्मर, फ्यूज, बॅटऱ्या हे सामानही हिच्यातच ठेवतात. सिग्नल खात्यातली माणसे हिला नुसते ‘लोकेशन’ म्हणतात. सामान पेटीत मावण्यापलीकडे गेले की तेथे छोटी पक्की खोली बांधतात. तिला गुमटी किंवा हट म्हणतात.

धावत्या गाडीच्या खिडकीतून या रुपेरी वा करड्या पेट्या रोज दिसतात आणि कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. रेल्वेच्या आधुनिकीकरणाच्या बातम्यांत संगणक, उपग्रह, रेडिओ यांची नावे येतात, पेटीचे येत नाही. परंतु सांधा खरोखर कोणत्या बाजूला वळला आहे, रुळावर गाडी उभी आहे की मार्ग मोकळा आहे, ही माहिती संगणकाला बहुतेक ठिकाणी याच पेटीतल्या जोडण्यांमधून मिळते. त्यामुळे ही नोंद पेटीची असली तरी डिजिटल सिग्नल यंत्रणेचा विचार तिच्यापासून वेगळा करता येत नाही.

पेटीची गरज कशी उत्पन्न झाली

खांबावरच्या हलत्या हाताच्या (सेमाफोर) सिग्नलच्या काळात केबिनमधला माणूस तरफ ओढी. तारेने सिग्नलचा हात हले आणि लोखंडी दांड्यांनी सांधा सरके. तरफा एकमेकींत अशा अडकवलेल्या असत की सांधा लूप लाइनकडे (गाडी बाजूला उभी करण्याच्या मार्गाकडे) वळलेला असताना मेन लाइनचा (सरळ जाणाऱ्या मुख्य मार्गाचा) सिग्नल मोकळा होऊच शकत नसे. या अडकवणीलाच इंटरलॉकिंग म्हणतात. ती लोखंडाची होती, डोळ्यांना दिसत होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1928 मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या पट्ट्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल बसवले. पुढे सांधेही विजेच्या मोटरीने फिरू लागले आणि दांड्यांच्या जागी केबल आल्या. केबल आली म्हणजे ती कुठेतरी तोडून जोडावी लागते, तपासावी लागते, तिला वीज पुरवावी लागते. हे सगळे उघड्यावर करता येत नाही म्हणून पेटी आली. लोखंडी दांड्यांची अडकवणी आता रिलेच्या संपर्कांत, तारांच्या क्रमांकांत आणि कागदावरच्या आराखड्यात गेली. ती नुसत्या नजरेने तपासता येईनाशी झाली, हा बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आत काय चालते

पेटीतले सर्वांत साधे आणि सर्वांत सुंदर काम म्हणजे ट्रॅक सर्किट. रुळांचा एक ठरावीक तुकडा दोन्ही टोकांना विद्युतरोधक जोडांनी वेगळा करतात. एका टोकाच्या पेटीतून दोन रुळांना अगदी कमी दाबाची वीज देतात, दुसऱ्या टोकाच्या पेटीत तीच वीज एका रिलेला उचलून धरते. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन रुळांना जोडून टाकतात, वीज तिथल्या तिथे फिरते, रिलेला मिळत नाही आणि रिले खाली पडतो. रिले पडला की तो तुकडा ‘व्यापलेला’ ठरतो आणि मागचा सिग्नल लाल राहतो. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ तडकून सर्किट खंडित झाले, तरी रिले पडतोच. बिघाड झालाच तर तो गाडी थांबवणाऱ्या बाजूने व्हावा, हे या रचनेचे मूळ तत्त्व आहे.

मुंबईच्या पावसाळ्यात ‘सिग्नल यंत्रणेत बिघाड’ ही घोषणा कानावर आली की प्रवासी वैतागतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण पाणी रुळांवर चढल्यावर वीज पाण्यातून गळते, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. गाडी तिथे उभी राहते कारण यंत्रणेने खात्री नसताना हिरवा दिवा द्यायला नकार दिलेला असतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी उपनगरी मार्ग पाण्याखाली गेले आणि रुळांलगतच्या सामानाची उंची हा मुंबईत कळीचा प्रश्न झाला. त्यानंतरच्या वर्षांत पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी पेट्यांचे ओटे उंच करणे, सांधे फिरवणाऱ्या पॉइंट मशीनवर जलरोधक आवरणे घालणे, ट्रॅक सर्किटऐवजी अॅक्सल काउंटर बसवणे असे उपाय होत गेले. अॅक्सल काउंटर रुळांतून वीज सोडत नाही. तुकड्यात किती आस शिरल्या आणि किती बाहेर पडल्या हे तो मोजतो. ओल्या खडीचा त्याला फारसा त्रास नसतो, मात्र त्याचे इलेक्ट्रॉनिक सामान ज्या पेटीत असते त्या पेटीत पाणी शिरून चालत नाही.

पाणी, ऊन आणि उंदीर

पेटी किती बंदिस्त आहे हे सांगण्यासाठी आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे लिहितात. पहिला धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपी 65 म्हणजे धूळ मुळीच आत न जाणारी आणि पाण्याच्या फवाऱ्याला दाद न देणारी पेटी. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत अपायकारक पाणी न शिरू देणारी. कागदावर मोठा आकडा चांगला दिसतो, पण पेटी पूर्ण बंद केली की आतली उष्णता बाहेर पडत नाही. विदर्भाच्या किंवा खानदेशाच्या मे महिन्यात हवाच 45 अंशांवर असते. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या आत पारा त्याहून पुष्कळ वर जातो. सरासरी तापमान 10 अंशांनी चढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. जुन्या रिलेला हे ऊन सोसत असे, कार्ड आणि प्रोसेसर असलेल्या सामानाला सोसत नाही. म्हणून दुहेरी भिंत, वर सावलीचे छप्पर, जाळी लावलेले हवेचे झरोके, गुमटीत वातानुकूलन असे निरनिराळे मार्ग काढावे लागतात, आणि प्रत्येक झरोका म्हणजे धुळीला वाट.

कोकणात प्रश्न वेगळा. तिथे खारी हवा आणि चार महिने न थांबणारी ओल पत्रा खाते. तेथे पोलादी पत्र्यापेक्षा स्टेनलेस स्टील किंवा काचतंतूंचे प्लॅस्टिक टिकते. घाटात विजा पडतात. शिवाय विद्युतीकरण झालेल्या मार्गावर डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार असल्याने शेजारच्या केबलमध्ये नको तो विद्युतदाब उतरतो. त्यासाठी पेटीला चांगले अर्थिंग आणि आत सर्ज रोधक (विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारी साधने) लागतात. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या मातीत अर्थिंग जपणे हे कष्टाचे काम आहे.

राहिले उंदीर, पाली, मुंग्या, गांधीलमाश्या आणि साप. केबल खालून शिरतात, तीच यांची वाट. ती वाट नीट बुजवली नाही तर आवरण कुरतडले जाते. चोरीचा उपद्रवही आहेच, तांब्याला भंगारात भाव आहे. पेटीचे दार उघडे राहिले तरी ते जाणाऱ्या गाडीच्या मापात येऊ नये, एवढे अंतर ठेवून ती उभारावी लागते.

डिजिटल बदल

इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमध्ये रिलेंच्या रांगांचे तर्कशास्त्र संगणक करतो. एकापेक्षा अधिक प्रोसेसर तेच गणित स्वतंत्रपणे करतात आणि उत्तरे जुळली तरच आज्ञा बाहेर जाते. भारतात विद्युत वा इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग असलेल्या स्टेशनांची संख्या 6,600 च्या आसपास पोहोचली आहे. नव्या रचनेत ऑब्जेक्ट कंट्रोलर नावाचे छोटे एकक थेट सिग्नल-सांध्यांजवळच्या गुमटीत बसवतात आणि ते ऑप्टिकल फायबरच्या कड्याने स्टेशनशी जोडतात. कडे एका जागी तुटले तर संदेश उलट्या दिशेने पोहोचतो. तांब्याच्या शेकडो तारा कमी होतात. याचा दुसरा अर्थ असा की पूर्वी फक्त जोडण्या असलेल्या जागी आता मेंदूचा एक भाग येऊन बसतो, आणि उन्हापावसाची झळ त्याला लागते.

डेटा लॉगर हे आणखी एक मोलाचे साधन. कोणता रिले कधी उचलला गेला, कधी पडला, याची तो वेळेसह नोंद ठेवतो. त्यावरून सांधा फिरायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ घेऊ लागला आहे हे बिघाडाच्या आधी कळू शकते. अपघातानंतरच्या चौकशीत या नोंदी सर्वांत आधी मागवल्या जातात.

‘कवच’ ही गाडी आपोआप थांबवणारी प्रणाली याच पायावर उभी आहे. प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या फेब्रुवारी 2016 मध्ये सुरू झाल्या आणि जुलै 2020 मध्ये ती राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली. स्लीपरवरचे (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवरचे) टॅग इंजिनाला त्याचे ठिकाण सांगतात, स्टेशनवरचे एकक रेडिओवरून पुढच्या सिग्नलची स्थिती कळवते, आणि लोको पायलटने ब्रेक लावला नाही तर यंत्र लावते. दक्षिण मध्य रेल्वेवर पहिल्या 1,465 किलोमीटरमध्ये मनमाड–मुदखेड–निजामाबाद–गुंटकल आणि बिदर–परळी वैजनाथ–परभणी हे मार्ग होते. म्हणजे जालना, परभणी, नांदेड, उदगीरच्या लोकांच्या गाड्या देशात अगदी सुरुवातीच्या टप्प्यात या छत्राखाली आल्या. मराठवाड्याच्या रेल्वेबद्दल मागासलेपणाखेरीज क्वचितच काही लिहिले जाते, म्हणून याचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे. कवचाची 4.0 ही आवृत्ती जुलै 2024 मध्ये मंजूर झाली आणि जुलै 2025 मध्ये मथुरा–कोटा मार्गावर ती कार्यान्वित झाली.

कवचाला सिग्नलची आणि सांध्याची माहिती इंटरलॉकिंगकडून मिळते. इंटरलॉकिंगला ती रुळांलगतच्या पेट्यांकडून मिळते. पेटीतच जोडणी चुकली असेल तर वरच्या सर्व पायऱ्या त्या चुकीच्या माहितीवर अचूक काम करतात.

चुकलेली तार

लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शन येथे 12 डिसेंबर 1988 रोजी झालेल्या अपघातात 35 जण मृत्युमुखी पडले. रिले रूममध्ये नवे वायरिंग करताना एक जुनी तार कापून, टोक बांधून दूर केली गेली नव्हती. ती पुन्हा जुन्या जागी टेकली आणि लाल व्हायचा सिग्नल लाल झाला नाही. काम करणाऱ्या तंत्रज्ञाला 13 आठवड्यांत एकच सुटी मिळाली होती, हे चौकशीत पुढे आले. दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे तारा मोजून पाहणे आणि कामाच्या तासांना मर्यादा घालणे, या दोन्ही गोष्टींचा आग्रह जगभर या अपघाताच्या दाखल्याने धरला जातो.

ओडिशातील बहानगा बाजार स्टेशनात 2 जून 2023 रोजी कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. 290 हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीनुसार स्टेशनच्या उत्तरेकडील सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या सर्किट-बदलातल्या त्रुटी, आणि 94 क्रमांकाच्या फाटकाचा विजेवर चालणारा अडसर बदलताना झालेले काम, ही कारणे होती. तारांवरच्या खुणा आणि प्रत्यक्ष सर्किट यांचा मेळ राहिला नव्हता. त्याच खरगपूर विभागात बांकडानयाबाज येथे 16 मे 2022 रोजी चुकीच्या वायरिंगमुळे तशीच घटना घडली होती. तेव्हाच सगळीकडच्या जोडण्या तपासून दुरुस्त केल्या असत्या तर बहानगा टळले असते, असे अहवालात नोंदले आहे.

वेगळ्या प्रकारचा धडा इटारसीने दिला. 17 जून 2015 रोजी तेथील रूट रिले इंटरलॉकिंगची (साऱ्या स्टेशनचे मार्ग रिलेंनी ठरवणाऱ्या यंत्रणेची) केबिन जळाली. मुंबईहून भुसावळमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या महिन्याहून अधिक काळ रद्द होत राहिल्या किंवा वळवाव्या लागल्या. सांधे हाताने फिरवून, क्लॅम्प लावून एकेक गाडी काढली जात होती. सामान एका छताखाली एकवटलेले असले की आगही सगळ्याला एकदमच लागते. ऑब्जेक्ट कंट्रोलर वेगवेगळ्या गुमट्यांत विभागण्यामागे हाही एक विचार आहे.

बहानगानंतर रेल्वे बोर्डाने रिले रूम आणि गुमट्यांच्या दुहेरी कुलपांची देशभर तपासणी करवली. एक किल्ली स्टेशन मास्तरांकडे, दुसरी सिग्नल मेन्टेनरकडे, अशी ही पद्धत. दोघेही हजर असल्याशिवाय दार उघडत नाही आणि दार उघडल्याची नोंद वहीत होते. जोडणीला हात लावायचा तर मेन्टेनर आधी टी/351 क्रमांकाच्या फॉर्मवर डिस्कनेक्शन मेमो (ते सामान वापरातून काढल्याची सूचना) देतो, मास्तर सही करतात, आणि काम संपवून सांधा व सिग्नल प्रत्यक्ष फिरवून तपासल्यावरच रिकनेक्शन होते, म्हणजे ते सामान पुन्हा वापरात घेतले जाते. पेटीतल्या प्रत्येक केबलची आणि टर्मिनलची जोडणी दाखवणारा मंजूर आराखडा अद्ययावत ठेवणे, बदल झाला की तारेवरची जुनी खूण काढून नवी लावणे, हे काम भर उन्हात वा पावसात, शेजारून गाड्या धावत असताना, दोन-तीन माणसांच्या तुकडीला करावे लागते.