मायकल जॅक्सनचा ‘द अल्टिमेट कलेक्शन’ सेट परत पाठवण्यापूर्वी हे वाचा

आमच्याकडून हा सेट नेणाऱ्या ग्राहकांसाठी, आणि घ्यावा की नाही अशा विचारात असलेल्यांसाठीही.

२००४ साली निघालेला हा सेट चार सीडी आणि एक डीव्हीडी असा आहे. मायकल आणि त्याच्या भावांच्या ‘जॅक्सन फाइव्ह’ या बँडच्या १९६९ च्या ‘आय वॉन्ट यू बॅक’पासून पुढे तीन दशकांहून अधिक काळाचं त्याचं गाणं यात आहे. ओळखीच्या गाण्यांच्या अधेमधे डझनभर गाणी अशी आहेत, जी तोवर कुठल्याच अल्बमवर आली नव्हती. सेटला जी किंमत पडते ती या गाण्यांमुळे, आणि आमच्याकडे सेट परत येतो तोही बहुतेक वेळा याच गाण्यांमुळे.

परत आलेल्या पाकिटात साधारण अशी चिठ्ठी असते: “डिस्क खराब आहे, बदलून द्या.” आम्ही डिस्क लावून सगळी ऐकतो. बहुतेक वेळा डिस्कला काहीही झालेलं नसतं. ग्राहकाने डेमो, म्हणजे गाणं पक्कं होण्याआधीचं कच्चं रेकॉर्डिंग, ऐकलेला असतो आणि तो बिघाड समजलेला असतो.

नेहमी येणाऱ्या तीन तक्रारी सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

पहिली: “‘वुई आर द वर्ल्ड’मध्ये बाकीच्यांचे आवाजच येत नाहीत, एक स्पीकर बंद असल्यासारखं वाटतं.” स्पीकर चालू आहे. २८ जानेवारी १९८५ च्या रात्री हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत चाळीसहून जास्त गायक जमून जे गायले, ते गाणं तुमच्या कानात बसलंय. या सेटमध्ये त्याआधीचा डेमो आहे. गायक लायनेल रिचीबरोबर गाणं लिहून झाल्यावर, बाकीच्यांना ऐकवण्यासाठी मायकलने सगळं एकट्याने गाऊन ठेवलं होतं. पुढे ज्या ओळी एकेका गायकाच्या वाट्याला गेल्या, त्या सगळ्या इथे एकाच गळ्यातून येतात. ही प्रत डोळे मिटून दोनदा ऐका, मग पाकिटात भरायची की नाही ते ठरवा.

दुसरी: “‘पी. वाय. टी.’ भलतंच गाणं लागतं.” बरोबर आहे, ते वेगळंच गाणं आहे. १९८२ च्या ‘थ्रिलर’वर आलेलं ‘पी. वाय. टी.’ त्या अल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्स आणि गायक जेम्स इंग्रम यांनी लिहिलेलं. त्याच नावाचं, संथ चालीचं एक गाणं मायकलने कीबोर्डवादक ग्रेग फिलिंगेन्सबरोबर आधी केलं होतं. ते अल्बमवर गेलं नाही, ते इथे आहे. छपाईत चूक नाही आणि आम्हीही दुसरी डिस्क घातलेली नाही.

तिसरी सगळ्यात जास्त येते. ‘डेंजरस’च्या सुरुवातीला धडामधुडुम आवाज येतो आणि ग्राहकाला वाटतं, डिस्कवर ओरखडा आहे. मायकलला अंधारात गायला आवडायचं. या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओतली आवाज अडवणारी तात्पुरती भिंत त्याच्या अंगावर कोसळली, आणि टेप चालू होती. तोच आवाज या प्रतीत तसाच ठेवला आहे. १९९१ च्या अल्बमवरच्या गाण्यात तो नाही, म्हणून ओळखीच्या कानाला तो खटकतो.

तेव्हा काही वेगळं वाटलं तर आधी पुस्तिकेतली यादी उघडा. गाण्यापुढे ‘डेमो’ किंवा ‘अर्ली व्हर्जन’ असं छापलं असेल, तर तुम्ही ऐकताय ते कच्चं काम आहे. मायकल स्वतः सुरांची लिपी लिहीत नसे. मनात असलेलं गाणं, त्यातल्या ढोलकांचा आणि बेसचा भागसुद्धा, तो तोंडाने गाऊन टेपवर उतरवायचा. गाणं घडत असताना ऐकायला मिळणं हीच या सेटची खरी मजा आहे.

डिस्क घासू नका, अशी कळकळीची विनंती आहे. ‘खरखर’ जावी म्हणून टूथपेस्ट लावून, गोल गोल घासून पाठवलेल्या डिस्क आमच्याकडे येतात. त्या आम्ही परत घेऊ शकत नाही. सीडीवरची माहिती गोल फिरत जाणाऱ्या एकाच रेषेत असते. आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो, पण त्या रेषेच्या बाजूने गेलेला ओरखडा सलग माहिती खातो. पुसायचीच तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे, सरळ. वरची छापील बाजू तर आणखी नाजूक, कारण चकाकणारा थर तिच्या अगदी खाली असतो. तिच्यावर बॉलपेनने नाव घालू नका.

पाचवी डिस्क म्हणजे डीव्हीडी. ती गाण्याच्या सीडी प्लेअरवर लागणार नाही, त्यासाठी डीव्हीडी प्लेअर हवा. तिच्यावर १ ऑक्टोबर १९९२ चा बुखारेस्टचा कार्यक्रम आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेला मुंबईचा कार्यक्रम तिच्यावर नाही. त्या कार्यक्रमाला गेलेले बरेच जण तो मिळेल या आशेने विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता परतीबद्दल. आमचे सेट वापरलेले असतात. विकण्यापूर्वी आम्ही प्रत्येक डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून बघतो आणि बाहेरचा खोका, पुस्तिका, डिस्क यांची स्थिती चिठ्ठीवर लिहून देतो. म्हणून आमचा दर इतर ठिकाणांपेक्षा थोडा जास्त असतो, आणि त्यावर घासाघीस केली तरी आम्ही फारसे हलत नाही. पाच डिस्क ऐकायला एका माणसाचा जवळजवळ दिवस जातो. डिस्क खरोखर अडकत असेल, उडी मारत असेल, तर बदलून देऊ किंवा पैसे परत करू, काही न बोलता. फक्त पाठवण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक, गाण्याचा क्रमांक आणि कितव्या मिनिटाला अडकते ते लिहा, आणि जमल्यास दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर लावून बघा. जुन्या प्लेअरची लेन्स धुळीने मंद झाली की चांगली डिस्कही अडकते. “गाणं आवडलं नाही” या कारणावर मात्र परत घेता येत नाही.

सगळ्यांनी हा सेट घ्यावा असं आमचं म्हणणं नाही. गाडीत लावायला नुसती गाजलेली गाणी हवी असतील तर २००३ ची ‘नंबर वन्स’ ही एकच सीडी घ्या, बरीच स्वस्त पडेल. हा सेट आधीच आहे आणि कच्च्या गाण्यांची गोडी लागली आहे, त्यांनी २०१२ च्या ‘बॅड २५’बद्दल विचारावं. त्याच्या दुसऱ्या सीडीवर ‘बॅड’ या अल्बमच्या काळातले डेमो आहेत. अजून ठरत नसेल तर दुकानात या. काउंटरशेजारी हेडफोन आणि प्लेअर ठेवला आहे, एक सेट ऐकण्यासाठी उघडाच असतो. ‘वुई आर द वर्ल्ड’चा डेमो आणि पडलेल्या भिंतीचं ‘डेंजरस’, एवढी दोन गाणी ऐका आणि मग ठरवा. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी आलात तर निवांत ऐकता येईल.