लेबर ऑफिसर ते एचआर: एका पदवीची आणि एका पेशाची पार्श्वभूमी

मनुष्यबळ विकास हा विषय आज एमबीएच्या माहितीपत्रकात मार्केटिंग आणि फायनान्सच्या शेजारी बसलेला दिसतो. त्यामुळे हे शिक्षण बिझनेस स्कूलमध्ये जन्मलं, असा समज होतो. आपल्याकडे तरी ते गिरणगावात जन्मलं आणि कायद्याने वाढवलं. हे माहीत नसलं की कोर्स निवडतानाही चूक होते आणि नोकरीतही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२० च्या दशकात माणूस कामाला लावण्याचा अधिकार मॅनेजरकडे नावापुरता होता. खरा अधिकार जॉबरचा, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाचा. साच्यावर, म्हणजे मागावर, कोण उभा राहील, गैरहजर माणसाची बदली कुणाला मिळेल, रजा कुणाला, डच्चू कुणाला, हे तो ठरवी आणि त्याची दस्तुरी, म्हणजे दलाली, घेई. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस गावच्या ओळखीनेच त्याच्यापर्यंत पोचे. राहायला जागा आणि उसने पैसेही बहुतेकदा त्याच्याच मध्यस्थीने मिळत. म्हणजे भरती, शिस्त आणि कर्ज अशा तिन्ही दोऱ्या एकाच हातात. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला, तेव्हा एवढ्या मोठ्या कामगारवर्गाशी थेट बोलणारं व्यवस्थापनाचं स्वतःचं माणूसच नाही, ही उणीव उघडी पडली.

१९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, १९३१ च्या अहवालात यावर नेमकं बोट ठेवलं. भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्या, तो फक्त जनरल मॅनेजरला जबाबदार असावा आणि त्याला कामगारांची भाषा बोलता यावी, अशी शिफारस झाली. पुढे १९३४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ मध्ये गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि रोज सकाळी दारावर माणसं निवडण्याची जॉबरची मोकळीक आकसली. ती लगेच संपली मात्र नाही.

आता प्रश्न आला की हे काम करणारी शिकलेली माणसं कुठून आणायची? १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. क्लिफर्ड मॅन्शार्ड्ट हे त्याचे पहिले संचालक. हीच संस्था १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे आपली टिस. पुढे ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कामगारांशी संबंधित शिक्षण समाजकार्याच्या पोटातून आलं, याला फार महत्त्व आहे. वस्तीत जाऊन काम, घरभेटी, क्षेत्रकार्याची डायरी ही शिस्त तिथूनच आली. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेला माणूस कारखान्यात अधिकारी होतो, याचं आजच्या विद्यार्थ्याला नवल वाटतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी तोच राजमार्ग होता.

१९४७ मध्ये मुंबई सरकारने बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट काढली. परळची ही संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने चालते. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंड्यांचं नाव कामगार अधिकारी घडवणाऱ्या संस्थेला असावं, हे उचितच आहे. इथली एमएलएस (मास्टर ऑफ लेबर स्टडीज) ही दोन वर्षांची पदवी कामगार कायद्यावर भर देणारी आहे. त्याच सुमारास इतरत्रही हालचाल सुरू होती. १९४८ मध्ये कलकत्त्याला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, १९४९ मध्ये जमशेदपूरला एक्सएलआरआय ही व्यवस्थापन शिक्षण संस्था, १९५० मध्ये मुंबईत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ लेबर मॅनेजमेंट. यांपैकी कलकत्त्याची आणि मुंबईची या दोन संघटना १९८० मध्ये एकत्र येऊन आजची एनआयपीएम, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, झाली. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे.

या सगळ्याला पक्की मागणी मिळवून दिली ती कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ ने. ५०० किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं झालं. पात्रता आणि कर्तव्यं राज्याच्या नियमांनी ठरवायची होती. पदवी, मान्यताप्राप्त संस्थेतला कामगार कल्याणाचा अभ्यासक्रम आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचं ज्ञान, हा त्या नियमांचा सर्वसाधारण साचा. याच्याच जोरावर पुण्या-नागपुरापर्यंत पदविका वर्ग भरू लागले.

इथेच या पेशातली जुनी अडचणही जन्माला आली. कल्याण अधिकाऱ्याची नेमणूक कायद्याने, पगार मालकाचा. त्याने कँटीन, पाळणाघर, तक्रारी पाहाव्यात अशी अपेक्षा. प्रत्यक्षात त्याच्याच हाताने आरोपपत्रं लिहून घेतली जात. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ मध्ये स्पष्ट सांगितलं की कामगारांशी असलेले तंटे व्यवस्थापनाच्या वतीने हाताळायला या अधिकाऱ्याला लावू नये. कारण उघड आहे. सकाळी ज्याने कुणाविरुद्ध चौकशीत पुरावा मांडला, त्याच्याकडे दुपारी कुणी तक्रार घेऊन जात नाही. आजही छोट्या कारखान्यात हीच दोन कामं एका माणसाच्या गळ्यात असतात.

'विकास' हा शब्द या पार्श्वभूमीवर उशिरा आला. अमेरिकेत लिओनार्ड नॅडलर यांनी १९६९ मध्ये 'ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट' ही संज्ञा मांडली. भारतात तिला प्रत्यक्ष रूप मिळालं ते मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोमध्ये. अहमदाबादच्या आयआयएममधले उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना कंपनीने १९७४ मध्ये मूल्यमापन पद्धत तपासायला बोलावलं. त्यांनी फॉर्म दुरुस्त करण्यावर काम न भागवता आख्खी रचना बदलायला सुचवलं. वर्षभराची कामगिरी आणि पुढच्या पदाची क्षमता यांचं मूल्यमापन वेगवेगळं करायचं, त्याला समुपदेशन, प्रशिक्षण, करिअर नियोजन आणि संघटना विकास यांची जोड द्यायची. या धर्तीवर १९७५ मध्ये तिथे स्वतंत्र एचआरडी विभाग उभा राहिला.

कामगिरी आणि क्षमता वेगळी मोजण्याचा मुद्दा आजही अर्ध्या कंपन्यांना उमगलेला नाही. उत्तम फिटर आहे म्हणून त्याला सुपरवायझर केलं जातं. मग चांगला फिटर जातो आणि सुपरवायझर काही मिळत नाही. शिवाय वरिष्ठासमोर होणारी विकासाची चर्चा आणि पगारवाढ एकाच बैठकीत उरकली, तर कोणताही कर्मचारी आपली उणीव मोकळेपणाने सांगत नाही.

१९८५ मध्ये नॅशनल एचआरडी नेटवर्क ही या पेशातल्यांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं नाव मनुष्यबळ विकास मंत्रालय झालं. २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झालं. त्या खात्याचा कारखान्यातल्या या विषयाशी फारसा संबंध नव्हता, पण शब्द घरोघरी पोचला. त्याआधीच जानेवारी १९८२ चा गिरणी संप झाला आणि नोकऱ्यांचा नकाशाच पालटला. गिरण्या मिटत गेल्या. पुढे आयटी आणि बँकिंगने एचआरची माणसं मागितली, ती भरती, प्रशिक्षण आणि वेतनरचनेसाठी. अभ्यासक्रमांतल्या 'पर्सोनेल मॅनेजमेंट'च्या पाट्या उतरून 'एचआर'च्या लागल्या आणि कामगार कायद्याचे तास कमी झाले. माझ्या मते हे नुकसानच झालं.

कारण चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीत पहिली नोकरी लागली की समोर येते ती मस्टर आणि कंत्राटदाराची बिलं. उत्पादनावरची बरीच भरती आता कंत्राटदारामार्फत होते. १९३१ च्या आयोगाने जो मधला माणूस हटवायला सांगितलं होतं, तो परवाना घेऊन परत आला आहे. कारखाने अधिनियमाच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही कामगारच असल्यामुळे ५०० चा आकडा मोजताना त्याला वगळता येत नव्हतं. फक्त कायमस्वरूपी कामगार मोजणाऱ्या कंपन्या तपासणीत इथेच सापडत. कारखाने अधिनियमासारख्या जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कल्याण अधिकाऱ्यासाठीची मर्यादा २५० वर आली आहे. म्हणजे ही पदं वाढायला वाव आहे. वेतनाची व्याख्याही बदलली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपुढे गेले, तर वरची रक्कम वेतनात धरायची. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त अशी रचना ज्यांनी केली होती, त्यांचा ग्रॅच्युइटीचा हिशेब वर सरकतो. हे गणित करून दाखवणारा उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो.

म्हणून प्रवेश घेण्याआधी आपल्याला कोणत्या दारातून आत जायचं आहे ते पाहावं. कॉर्पोरेट एचआरसाठीच्या प्रवेशपरीक्षा अशा: एक्सएलआरआयला एक्सएटी, टिसच्या एचआर अभ्यासक्रमाला आता कॅट आणि राज्यातल्या एमबीएला सीईटी. कल्याण अधिकारी व्हायचं असेल, तर नुसतं 'एमबीए एचआर' पुरेलच असं नाही. त्या त्या राज्याच्या नियमांत मान्य अभ्यासक्रमांची यादी असते, ती वाचून आपल्या विद्यापीठाची पदवी तीत आहे का, हे प्रवेशाआधी पाहावं. नोकरीचा अर्ज छाननीत बाद झाल्यावर पाहून उपयोग नसतो. शिकवायचं असेल, तर नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत कामगार कल्याण, कार्मिक व्यवस्थापन, औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ व्यवस्थापन यांचा मिळून एक स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ५५.