स्विंग आणि जावाएफएक्स : सहअस्तित्व

जावा भाषेत खिडक्या, बटणे आणि तक्ते असलेले डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिण्यासाठीची दोन फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडे. स्विंग १९९८ मध्ये जावा १.२ सोबत आले, जावाएफएक्सची पहिली आवृत्ती २००८ मध्ये. नवे आले की जुने मागे पडणार, असेच धरून चालले होते. घडले निराळे. सुरुवातीच्या जावाएफएक्ससाठी जावाएफएक्स स्क्रिप्ट ही वेगळीच भाषा शिकावी लागे. २०११ च्या २.० आवृत्तीत ती सोडून देण्यात आली. पुढे २०१८ मध्ये, जेडीके (जावात प्रोग्रॅम बनवण्याचा साधनसंच) ११ पासून, जावाएफएक्स जेडीकेबाहेर पडून ओपनजेएफएक्स या स्वतंत्र प्रकल्पात वाढू लागले. स्विंग मात्र आजही जेडीकेमध्येच आहे.

स्विंगच्या चिवटपणाचे मूळ त्याच्या रचनेत आहे. त्याआधीचे एडब्ल्यूटी हे फ्रेमवर्क बटण ऑपरेटिंग सिस्टिमकडून उसने घेई. स्विंग ते स्वतः रंगवते. त्यामुळे खालची यंत्रणा बदलली तरी प्रोग्रॅमला हात न लावता फक्त चित्र काढणारा थर बदलता येतो. ॲपलने २०१८ मध्ये ओपनजीएल ही पडद्यावर चित्र काढण्याची यंत्रणा कालबाह्य ठरवली, तेव्हा मॅकसाठी मेटल या ॲपलच्याच यंत्रणेवर चालणारा नवा थर जेडीके १७ मध्ये आला. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल जेडीके ९ मधला : अक्षरजुळणीचे काम आयसीयू या आधीच्या इंजिनाकडून हार्फबझ या इंजिनाकडे गेले. ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी येते, पण पडद्यावर वेलांटी क-च्या डावीकडे दिसावी लागते. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची बांधणी हे इंजिन करते. अशी कामे कुणाच्या नजरेत भरत नाहीत, पण जुने फ्रेमवर्क जगते ते त्यांच्याच जोरावर.

दोन्ही फ्रेमवर्क एका खिडकीत नांदू शकतात. जेएफएक्सपॅनेल स्विंगमध्ये जावाएफएक्स बसवते, स्विंगनोड त्याच्या उलट. म्हणून मोठा जुना प्रोग्रॅम एकेक पडदा करत बदलता येतो, आणि सगळे पाडून नव्याने बांधण्यापेक्षा हा मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा असतो. अडचण येते ती थ्रेडची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या सूचना ओळीने पार पाडणाऱ्या धाग्याची. दोघांचा पडदा हाताळणारा थ्रेड वेगळा. स्विंगच्या बटणावर क्लिक करून जावाएफएक्समधला आलेख बदलायचा, तर ते काम ‘प्लॅटफॉर्म.रनलेटर’मधून पाठवावे लागते. परतीच्या वाटेवर ‘स्विंगयुटिलिटीज.इन्व्होकलेटर’. दुसरा एक घोटाळा हमखास होतो. जेएफएक्सपॅनेल असलेली एकुलती एक खिडकी बंद करून पुन्हा उघडली की आत नुसती कोरी जागा दिसते. शेवटची खिडकी गेली असे समजून जावाएफएक्सने तोवर गाशा गुंडाळलेला असतो. सुरुवातीलाच ‘सेटइम्प्लिसिटएक्झिट’ला ‘फॉल्स’ दिले की हे टळते.

प्रोग्रॅमरांच्या रोजच्या वापरातले इंटेलिजे आयडिया हे कोड लिहिण्याचे साधन स्विंगवरच उभे आहे. ते बनवणाऱ्या जेटब्रेन्सनेच पुढे कंपोज हे नवे फ्रेमवर्क डेस्कटॉपवर आणले, आणि त्यातही स्विंगच्या खिडकीत बसणारे कंपोजपॅनेल दिले.