पक्षीमित्र मंडळ

पक्षीमित्र मंडळ म्हणजे एखाद्या गावातल्या किंवा शहरातल्या पक्षी बघणाऱ्या लोकांचा ग्रुप. काहींची धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी असते, अध्यक्ष-सचिव-खजिनदार असतात, लेटरहेड असतं. पण बहुतेक ठिकाणी एक व्हॉट्सॲप ग्रुप, चार-पाच दुर्बिणी आणि रविवारी पहाटे साडेपाचला उठायची तयारी असलेली आठ-दहा माणसं एवढंच भांडवल असतं, आणि खरं सांगायचं तर काम तेवढ्यावरही भागतं. मंडळं तीन गोष्टी करतात: भटकंती, गणना आणि व्याख्यानं. भटकंतीला गर्दी होते, व्याख्यानाला चहा असेल तर होते, गणनेला मात्र दरवर्षी तेच ते सात जण येतात. ही नोंद मुख्यतः त्या सात जणांच्या कामाबद्दल आहे, कारण पुढे जे काही टिकतं ते त्यांच्या वहीत असतं.

भारतातल्या संघटित निसर्गनिरीक्षणाची सुरुवात १८८३ ची, मुंबईतली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे सगळे जिला बीएनएचएस म्हणतात ती, आठ जणांनी मिळून काढली. त्यातले सहा गोरे आणि दोन आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. शाळेत समाजसुधारकांच्या धड्यात दोघांपैकी एखाद्याचं नाव येऊन जातं, पण हे किडे-पाखरांच्या नोंदी करायलाही बसायचे हे कुणी सांगत नाही. तेव्हाचं पक्षीनिरीक्षण बरंचसं बंदुकीनेच व्हायचं, पक्षी मारायचा, कातडं भरून ठेवायचं आणि मग निवांत ओळखायचा. मारण्याऐवजी मोजू या, ही कल्पना अमेरिकेत १९०० साली फ्रँक चॅपमनने मांडली. तिथे ख्रिसमसच्या दिवशी दोन टोळ्या करून कोण जास्त शिकार करतं अशी स्पर्धा लागायची, त्याऐवजी त्याने गणना सुचवली आणि पहिल्या वर्षी २७ जण २५ ठिकाणी मोजायला उभे राहिले. ती गणना अजून चालू आहे. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाच्या हातात पक्षी आणून दिले ते पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी, १९४१ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकातून. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर, अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर, आणि या दोन तारखांना जोडून २०२० पासून महाराष्ट्रात सरकारी पातळीवर पक्षी सप्ताह साजरा होतो. मंडळांची निम्मी व्याख्यानं आणि शाळांमधले सगळे कार्यक्रम या एका आठवड्यात कोंबलेले असतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बोलणारा माणूस मिळणं म्हणजे लग्नसराईत कार्यालय मिळण्यासारखं आहे.

भटकंती
रविवारची भटकंती हा मंडळाचा दरवाजा, नवीन माणूस इथूनच आत येतो. पुण्याचे लोक पाषाण तलाव, सिंहगड व्हॅली, वेताळ टेकडी, नाहीतर सोलापूर रस्त्यावरचं कवडी पाट अशी आलटून पालटून ठिकाणं घेतात. नाशिकवाल्यांचं हक्काचं ठिकाण नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात बंधारा झाला, गाळ साचत गेला, उथळ दलदल तयार झाली आणि पक्ष्यांचं फावलं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. म्हणजे धरणात गाळ साचला म्हणून इंजिनियर लोक हळहळतात आणि त्याच गाळासाठी पक्षीवाले पहाटे तीनला गाडी काढतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं भिगवण-कुंभारगाव मात्र सगळ्यांचंच, तिथे स्थानिक मच्छीमारच होडी चालवतात आणि त्यांच्यातले काही जण आता आपल्यापेक्षा चांगले पक्षी ओळखतात. फ्लेमिंगो म्हणजे रोहित किंवा अग्निपंख, ते तिथे कधी दिसणार हे धरणाच्या पातळीवर ठरतं. पाऊस जोरात होऊन धरण तुडुंब असेल तर त्यांना पाय रोवून चिखल गाळायला उथळ पाणीच मिळत नाही, मग ते उशिरा येतात आणि डिसेंबरात होडीचे पैसे देऊन आलेले लोक "फसवलं" म्हणत मासळीची थाळी खाऊन परत जातात.

नवीन माणसाला पक्षी दाखवायचा तर मराठी नावं फार कामाला येतात. वारकरी म्हटलं की काळं अंग आणि कपाळावरचा पांढरा टिळा आपोआप डोळ्यासमोर येतो, पुन्हा तो विसरत नाही. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, म्हणून ते नाव. शेकाट्या म्हणजे काटक्यांसारखे लांब पाय. थापट्याची चोच थापीसारखी चपटी. ग्रुपवर मात्र सगळे इंग्रजी नावंच टाकतात कारण ॲपमध्ये तीच पटकन सापडतात, आणि मराठी नावांचा एक कायमचा घोळ असा की एकाच पक्ष्याला कोकणात एक, विदर्भात दुसरं आणि पुस्तकात तिसरंच नाव असतं, त्यावर दर दोन महिन्यांनी ग्रुपवर भांडण होतं आणि शेवटी कुणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकून ते मिटवतं. चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांकडून शब्द गोळा केले आणि नवेही घडवले, पक्षी रात्री जिथे एकत्र झोपायला जमतात त्या जागेला रातनिवारा आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार हे त्यांचेच शब्द. रातनिवारा हा शब्द इतका नेमका आहे की भोरड्यांच्या, म्हणजे गुलाबी मैनांच्या, संध्याकाळच्या गणनेला आता दुसरं काही म्हणवत नाही.

दुर्बिणीबद्दल एवढंच की आठ बाय बेचाळीस घ्यावी, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. दहा पटीची घेतली की पक्षी मोठा दिसतो पण हातही दहा पट थरथरतो.

गणना
गणनेचे प्रकार बरेच आहेत, पण मंडळांच्या कॅलेंडरवर दोन ठरलेल्या असतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना, ही भारतीय उपखंडात १९८७ पासून चालू आहे, आपल्या देशात बीएनएचएस तिचं काम बघते. आणि फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, जी १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि २०१३ पासून जगभर होते, भारतही त्याच वर्षीपासून तिच्यात आहे. दुसरीचं बरं असतं, किमान पंधरा मिनिटं कुठेही उभं राहायचं, अगदी गॅलरीत, आणि दिसतील तेवढे पक्षी मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे. पहिलीला मात्र तलावावर जावं लागतं, थंडीत.

तलावावर मोजणं म्हणजे नक्की काय करतात ते जवळून सांगतो. सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभं राहायचं, म्हणजे ऊन पाठीवर आणि पक्षी उजेडात, उलट्या बाजूला उभं राहिलं की सगळी बदकं काळीच दिसतात. एक जण स्कोपमधून, म्हणजे स्टँडवरच्या एकनळी दुर्बिणीतून, बघतो, एक जण वहीत लिहितो, तिसऱ्याने फक्त आकाशाकडे बघायचं, कारण घार किंवा दलदली भोवत्यासारखा शिकारी पक्षी आला की सगळं तळं उठतं आणि केलेली मोजणी गेली वाया. थवा मोठा असेल तर एकेक मोजत बसत नाहीत. आधी दहा मोजायचे, दहांचा ठोकळा डोळ्यात केवढा दिसतो ते पक्कं करायचं, मग तोच ठोकळा थव्यावर सरकवत न्यायचा, दहा, वीस, तीस, थवा आणखी मोठा असेल तर पन्नासचा नाहीतर शंभरचा ठोकळा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि शेवटीच आकडे सांगायचे. एकाचे चारशे आणि दुसऱ्याचे साडेचारशे आले तर ठीक, एकाचे चारशे आणि दुसऱ्याचे बाराशे आले तर पुन्हा पहिल्यापासून. नवखा माणूस बहुतेक वेळा कमीच मोजतो, दाट थव्यात मागचे पक्षी पुढच्यांच्या आड जातात म्हणून. माझं उलटं झालं होतं, एकदा उजनीवर धुक्यात मी लांबवर बसलेले चाळीसेक बगळे मोजून वहीत लिहूनही टाकले, ऊन वर आल्यावर कळलं की ते मच्छीमारांच्या जाळ्याचे थर्माकोलचे तुकडे आहेत. ती ओळ खोडलेली वही अजून मंडळाकडे आहे आणि दर जानेवारीत कुणीतरी ती उघडून दाखवतंच.

गणनेत सगळ्यात अवघड गोष्ट ओळखणं नाही, न कंटाळणं ही आहे. तेच तळं, तोच आठवडा, तोच काठ, दरवर्षी. एकदाच जाऊन सहाशे चक्रवाक मोजले तर ती बातमी होते, पंधरा वर्षं मोजले तर ते सहाशेवरून साठवर आले की नाही ते कळतं. आणि न दिसलेलंही लिहायचं असतं. ईबर्डवर चेकलिस्ट टाकताना ते विचारतं की तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी यात आहेत का, त्याला हो म्हटलं की ती यादी पूर्ण मानतात आणि मग त्यात नसलेला पक्षीही माहिती देतो, निदान त्या सकाळी तिथे तुम्हाला तो दिसला नाही एवढी तरी. नुसते भारी-भारी पक्षी टाकणाऱ्याच्या यादीतून हे कळत नाही. आकडा माहीत नसेल तर एक्स टाकायची सोय आहे पण तिचा फार मोह धरू नये, अंदाजे तीस हे एक्सपेक्षा कधीही बरं.

हे सगळं पुढे कुठे जातं असं नवीन लोक विचारतात आणि ते बरोबरच आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ मध्ये आला तो जवळपास सगळा असल्या याद्यांवर उभा आहे, सुमारे तीस हजार लोकांनी टाकलेल्या तीन कोटी नोंदी, आणि त्यातून ९४२ जातींचा आढावा. त्यात कळलं की नीलपंख, ज्याचं दसऱ्याला दर्शन शुभ मानतात आणि जो आपल्याला रस्त्याकडेच्या तारेवर हमखास बसलेला आठवतो, तो बारा वर्षांत तीस टक्क्यांच्या आसपास कमी झालाय. हे कुणा एकाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, आपल्याला वाटतं हल्ली आपणच त्या रस्त्याने कमी जातो. चिमणीचं उलटं, ती संपली संपली म्हणून सगळे रडत होते, तर आधीच्या २०२० च्या अहवालात निघालं की देशभर बघता ती स्थिर आहे, घटली ती मोठ्या शहरांत, म्हणजे रडणारे जिथे राहतात तिथे.

व्याख्यानं आणि वाद
व्याख्यान बहुधा एखाद्या वाचनालयाच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेत, महिन्यातून एकदा. विषय ठरलेले: स्थलांतर, घरटी, शिकारी पक्षी, आणि कुणीतरी लडाख किंवा कच्छला जाऊन आलं असेल तर त्याचे दोनशे फोटो. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येतात हे ऐकून पहिल्यांदा आलेली पोरं खरंच गप्प होतात, तेवढ्यासाठी प्रोजेक्टरचा त्रास सहन करावा. चांगलं व्याख्यान मात्र मी ऐकलंय ते फोटोंचं नव्हतं. ज्वारीवर पडणाऱ्या भोरड्यांबद्दल एक शेतकरी बोलले होते, गोफण घेऊन मचाणावर सकाळ कशी काढायची ते, आणि त्याच भोरड्या नाकतोडे किती खातात तेही. स्लाइड एकही नव्हती.

वाद सगळ्यात जास्त कॅमेऱ्यावरून होतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलवायचं, घरट्यासमोरच्या फांद्या छाटून फ्रेम मोकळी करायची, घुबडावर फ्लॅश मारायचा, हे चालतं आणि मंडळातलेही लोक करतात. विणीच्या काळात आवाज वाजवला की नर आपल्या हद्दीत दुसरा आला समजून काम सोडून भांडायला धावतो, पिल्लं उपाशी. आमच्याकडे शृंगी घुबडाच्या घरट्याची जागा कुणीतरी ग्रुपवर लोकेशनसकट टाकली आणि पुढच्या रविवारी तिथे सतरा गाड्या होत्या, त्या वर्षीपासून घरट्याबद्दल ग्रुपवर लिहायचं नाही हा नियम झाला. नियम पाळला जातो असं नाही, पण मोडणाऱ्याला आता निदान लपून मोडावा लागतो.

गावोगावच्या मंडळांना जोडणारी महाराष्ट्र पक्षीमित्र ही संघटना आहे, तिची संमेलनं वेगवेगळ्या जिल्ह्यांत होतात. गोव्यात असंच काम गोवा बर्ड कन्झर्व्हेशन नेटवर्क करतं. संमेलनाला जावं ते मुख्यतः जेवणाच्या रांगेसाठी, गोंदिया-भंडाऱ्याकडे सारसांची गणना करणारा माणूस आणि नान्नजच्या माळावर माळढोकाच्या मागे वर्षं घालवलेला माणूस आमटी वाढून घेताना जे बोलतात ते स्टेजवर येत नाही.

यादी वाचणं
भटकंती असो की गणना, शेवट एकच. चहाच्या टपरीवर सगळे गोल करून उभे राहतात, लिहिणारा वही उघडतो आणि यादी मोठ्याने वाचतो, बाकीचे हो-नाही म्हणतात, आकडे दुरुस्त होतात. टिबुकली बारा, वारकरी दोनशे चाळीस, चित्रबलाक एकोणीस, शेकाट्या साधारण ऐंशी, खंड्या तीन, नाही चार, तो बंधाऱ्यावरचा धरला का. तुतवार नक्की कुठला यावर पाच मिनिटं जातात, फोटो झूम केले जातात, शेवटी नुसतंच तुतवार असं लिहितात. साठ-पासष्ट जाती होतात, पोहे येतात, वही मिटते, कुणीतरी फोनवर यादी सबमिट करणार एवढ्यात टपरीच्या पत्र्यावरून आवाज येतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. कावळा लिहायचा राहिलेला असतो.