घरमालक स्वतःच एजंट असेल, तर भाडेकराराची नोंदणी कुठे अडकते

महारेराचं (महाराष्ट्राचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) एजंट प्रमाणपत्र असलं की स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना वेगळं काही लागत नाही, असं बरेच जण धरून चालतात. रेरा कायद्याचं कलम 9, म्हणजे एजंटच्या नोंदणीचं कलम, खरेदी-विक्रीच्या व्यवहारांसाठी आहे. भाड्याने देताना तुम्ही निव्वळ घरमालक, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 लेखी करार व त्याच्या नोंदणीची जबाबदारी घरमालकावरच टाकतं.

सगळ्यात मोठा घोळ ‘अकरा महिन्यां’चा. वर्षाच्या आतला करार नोटरी केला की झालं, हे महाराष्ट्रात चालत नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, कितीही महिन्यांचं असो, नोंदवावंच लागतं. नाही नोंदवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं. नोटरीवाला हे सांगत नाही.

मुद्रांक शुल्क काढताना डिपॉझिट विसरतात. 24 महिने, भाडं 20,000, परतीचं डिपॉझिट 1,00,000 धरा. भाड्याचे 4,80,000, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी 20,000; एकूण 5,00,000 वर 0.25 टक्के, म्हणजे 1,250 रुपये. नोंदणी फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500.

कागद सोपे: दोघांचे आधार व पॅन, घराचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा कराची पावती, दोन साक्षीदार. ऑनलाइन नोंदणीत अडतं ते अंगठ्याच्या ठशावर. ज्येष्ठांचे ठसे अनेकदा आधारशी जुळत नाहीत, म्हणून आधी आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघंही हवेत, नाहीतर कुलमुखत्यारपत्र.

कागदी करार असेल तर नोंदणीसाठीची चार महिन्यांची मुदत सही झाल्या दिवसापासून धरतात, भाडेकरू राहायला आल्यापासून नाही. त्यानंतर आणखी चार महिने मिळतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून.

आपण एजंट आहोत हे जाहिरातीत आणि करारात एका ओळीत लिहून टाका, आणि स्वतःच्याच घरावर दलाली मागू नका. भाडेकरूला ते नंतर बाहेरून कळलं की डिपॉझिटच्या प्रत्येक रुपयावर भांडण होतं.

करार नोंदवला म्हणजे पोलिसांना कळवलं, असंही धरून चालू नका. ती माहिती वेगळी द्यावी लागते का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या. सोसायटीची एनओसी मात्र उगाच शोधत बसू नका. सोसायटीला आगाऊ लेखी कळवा, आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावलं तर लेखी हरकत घ्या.